शेजारची खोली: ज्येष्ठांच्या घरी जाऊन मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्यांसाठी सहकारी मेंटॉरिंग

दवाखान्यात बसून काम करणाऱ्या समुपदेशकाला एक सोय असते. अवघड सेशन संपलं की शेजारच्या खोलीचं दार ढकलायचं आणि "दोन मिनिटं आहेत का?" एवढं विचारायचं. घरोघरी जाणाऱ्याला ती शेजारची खोलीच नसते. मागे दार लागलेलं असतं, आत आजी पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसलेल्या असतात, सोडायला आलेला मुलगा जिन्यात हळूच म्हणालेला असतो, "ती रात्री काय बोलते ते तिने तुम्हाला सांगितलंच नाही." पुढच्या घरी पोहोचायला अर्धा तास असतो. ते वाक्य डोक्यात घेऊनच आपण पुढची बेल वाजवतो.

सहकारी मेंटॉरिंग म्हणजे ही शेजारची खोली मुद्दाम उभी करणं: दोन सहकाऱ्यांनी ठरवून, नियमित भेटून एकमेकांच्या केसवर बोलणं. मी गृहभेटींची सुरुवातीची वर्षं एकटीने काढली आणि नंतरची एका सहकारी मैत्रिणीच्या सोबतीने. दोन्हींतला फरक अंगावर घेतला आहे, म्हणून हे लिहिते आहे. मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, सोशल वर्कर, मानसोपचार परिचारिका, मानसोपचारतज्ज्ञ, यांपैकी जो कुणी ज्येष्ठांच्या घरी जातो त्याच्या हे उपयोगी पडेल.

## आधी कामाचं वेगळेपण समजून घ्या

ज्येष्ठांच्या घरी आपण पाहुणे असतो. कुठे बसायचं, टीव्ही चालू ठेवायचा की बंद, खोलीत कोण थांबणार, हे सगळं घरातली माणसं ठरवतात. ऐकायला कमी येत असेल तर मोठ्याने बोलावं लागतं, आणि मोठ्याने बोललं की पलीकडच्या खोलीत सगळं ऐकू जातं. गोपनीयतेबद्दल प्रशिक्षणात शिकलेलं अर्धंअधिक इथे नव्याने जुळवून घ्यावं लागतं.

पण घर जेवढं अडवतं तेवढंच सांगतंही. गोळ्यांच्या डबीत मंगळवारपासूनचे कप्पे भरलेलेच आहेत. कॅलेंडर दोन महिन्यांपूर्वीच्या पानावर थांबलंय. श्रवणयंत्र खणात आहे, पण त्यात बॅटरी नाही. पलंगाजवळची एकच खुर्ची कपड्यांनी भरलेली, म्हणजे तिथे कुणी येऊन बसत नाही. दवाखान्यात यातलं काहीच दिसत नाही.

त्यात ज्येष्ठांचं दुखणं सहसा एकटं येत नाही. नैराश्य, स्मृतिभ्रंश, सांधेदुखी, नव्याने सुरू झालेली औषधं, जोडीदाराचं जाणं, सगळं एकात एक गुंतलेलं असतं. एका डोक्याने ते सोडवताना काहीतरी निसटतं. माझ्याही हातून निसटलं आहे, ते पुढे सांगते.

## मेंटॉरिंगची हद्द

ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८०च्या दशकात सुपरव्हिजनची, म्हणजे समुपदेशकाच्या कामावरच्या देखरेखीची आणि मार्गदर्शनाची, तीन कामं मांडली: काम नियमात आणि दर्जाला धरून होतंय ना हे बघणं, कौशल्य वाढवणं, आणि काम करणाऱ्या माणसाला सावरणं. सहकारी मेंटॉरिंगने यातली शेवटची दोन उचलायची. पहिलं काम सुपरव्हायझरचं, कारण तिथे जबाबदारी आणि अधिकार लागतो. दोन बरोबरीच्या सहकाऱ्यांपैकी एकाने परीक्षक व्हायला सुरुवात केली की दुसरा हळूहळू फक्त चांगल्या झालेल्या केसच सांगायला लागतो.

हा उपचारही नाही. मेंटॉरला आपल्या सहकाऱ्याच्या बालपणात शिरायचं कारण नाही. "त्या आजोबांपुढे मला माझे वडील आठवतात आणि मी गप्प होते," असं कुणी म्हणालं तर ते नीट ऐकून घ्यायचं, त्याचा त्या केसवर काय परिणाम होतोय ते दोघांनी बघायचं. जखम खोल दिसली तर "यासाठी तुझ्या स्वतःच्या थेरपिस्टशी बोल," असं स्पष्ट सांगायचं.

कल्पना नवी नाही. १९५०च्या दशकात लंडनमध्ये मायकेल आणि एनिड बालिंट यांनी फॅमिली डॉक्टरांचे गट सुरू केले. डॉक्टर तिथे पेशंटच्या आजाराइतकंच त्याच्याशी असलेल्या आपल्या नात्याबद्दल बोलत. गृहभेटीचं काम नात्यावरच उभं असल्याने ती पद्धत आपल्याला जवळची आहे.

## पायरी १: जोडी निवडणं

तुमची पगारवाढ किंवा मूल्यमापन ज्याच्या हातात आहे त्याला मेंटॉर करू नका. हा एक नियम पाळलात तर बाकीच्या चुका निस्तरता येतात.

अनुभवाचं अंतर थोडं असावं, फार नको. वीस वर्षं काम केलेल्या व्यक्तीला पहिल्या गृहभेटीची धडधड आठवत नाही. दोन-चार वर्षं पुढे असलेल्याला आठवते. शक्य असेल तर शाखा वेगळी निवडा. समुपदेशकाची जोडी परिचारिकेशी जमली तर औषधं, झोप, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता या गोष्टी आपोआप बोलण्यात येतात. समुपदेशकाच्या प्रशिक्षणात त्यांना फारशी जागा नसते, आणि ज्येष्ठांच्या मनःस्थितीवर मात्र त्यांचा मोठा परिणाम होतो.

एकाच कुटुंबात दोघं जात असाल तर ती केस या जोडीत आणताना जपून. दोघांचीही बाजू त्यात गुंतलेली असते. अशा वेळी तिसरा सहकारी घ्या.

जोडी तीन महिन्यांसाठी ठरवा. आधीपासून मुदत असली की न जमल्यास कुणाला वाईट न वाटता थांबता येतं.

## पायरी २: पहिल्या बैठकीत करार

एका पानावर लिहून काढा. तोंडी ठरलेलं दोन महिन्यांत दोघांच्या डोक्यात दोन प्रकारचं होतं. त्यात हे असू द्या:

- बैठक किती दिवसांनी, किती वेळ. दोन आठवड्यांतून एकदा एक तास झेपतो. बैठक रद्द झाली तर नवी तारीख त्याच वेळी ठरवायची.
- मधल्या काळात फोन कधी चालेल, कधी नाही.
- काय या खोलीबाहेर जाईल: आत्महत्येचा धोका, छळ किंवा हेळसांड, गंभीर व्यावसायिक चूक. या तिन्ही बाबतींत "मी गुप्त ठेवीन" असं वचन कुणीच द्यायचं नाही.
- तातडीच्या प्रसंगी कुणाला कळवायचं. तिथे मेंटॉरचं नाव पहिलं नसावं. संस्थेत ठरलेली जबाबदार व्यक्ती आधी.
- नोंदी काय ठेवायच्या आणि कुठे.

ज्येष्ठांच्या बाबतीत गोपनीयतेचा एक वेगळा पेच आहे. नाव गाळलं तरी घराच्या वर्णनावरून माणूस ओळखू येतो. "चौथ्या मजल्यावरचे, व्हायोलिन वाजवणारे निवृत्त शिक्षक" म्हटलं की त्या भागात काम करणाऱ्या कुणालाही कळतं. बोलताना गरजेचा तेवढाच तपशील घ्यायचा, मजला आणि व्हायोलिन सोडून द्यायचं. केसबद्दल व्हॉइस मेसेज पाठवायचा नाही. तो दुसऱ्याच्या फोनवर राहतो आणि भलत्या वेळी मोठ्याने वाजतो. प्रवासात शेजारी माणूस बसलेला असताना केसवर बोलायचं नाही. आपल्या केसबद्दल सहकाऱ्यांशी सल्लामसलत होते हे ज्येष्ठांना आणि त्यांच्या संमतीने कुटुंबाला सुरुवातीलाच सांगून ठेवावं.

## पायरी ३: एका तासाची बैठक

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या.

पहिली पाच मिनिटं माणसाची. आज कुठून आलीस, झोप झाली का, अंगात किती त्राण आहे. मगच केस.

मग घर. आमच्या जोडीत आम्ही ठरवलं होतं की निदान, स्कोअर, "मी काय केलं" यांतलं काहीही बोलण्याआधी दहा मिनिटं फक्त घर सांगायचं. दार कुणी उघडलं, आजी कुठे बसल्या होत्या, हातात काय होतं, आवाज कसला येत होता, तू कुठे बसलीस, आजी बोलताना कुणाकडे बघत होत्या. मेंटॉरने या दहा मिनिटांत मधे तोंड घालायचं नाही. हे पाळणं कठीण जातं. ऐकणाऱ्याला उत्तर सुचलेलं असतं आणि ते जिभेवर आलेलं असतं.

या पद्धतीची किंमत मला एका केसमध्ये कळली. मी बैठकीत सांगत होते की एका आजींचं नैराश्य वाढलंय. बोलत नाहीत, जेवत नाहीत, दिवसभर पडून असतात. माझा जीडीएस-१५चा, म्हणजे ज्येष्ठांमधलं नैराश्य चाचपणाऱ्या पंधरा प्रश्नांच्या प्रश्नावलीचा, स्कोअर तयार होता. प्रश्नावलीत पाचाच्या वर गुण आले की नैराश्याची शंका घेऊन पुढे तपासायचं असतं, आणि हा आकडा त्याहून बराच पुढे होता. मैत्रिणीने आकड्याकडे बघितलंच नाही. म्हणाली, "थांब गं. आधी घर सांग." मी सांगत गेले. उशाशी पाण्याचा भरलेला पेला, सकाळपासून तसाच. मी वाचलेला प्रश्न आजींनी मधेच सोडून दिला, परत विचारला तर पहिल्यांदाच ऐकल्यासारखं बघितलं. मधे दहा मिनिटं अगदी नीट बोलल्या, मग पुन्हा डोळे मिटले. तिने एकच विचारलं: "हे कधीपासून?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मलाच ऐकू आलं. "परवापासून."

परवापासून सुरू झालेलं आणि तासातासाला बदलणारं ते नैराश्य नव्हतं. तो डिलिरियम असण्याची दाट शक्यता होती, म्हणजे शारीरिक कारणाने मेंदूच्या कामात अचानक आलेला बिघाड. त्याचा शांत प्रकार नैराश्यासारखाच दिसतो आणि म्हणून सुटून जातो. त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे पाठवलं. लघवीचा संसर्ग निघाला.

तेव्हापासून ज्येष्ठांच्या प्रत्येक "बिघडलं आहे" केसमध्ये हे प्रश्न मेंटॉरने विचारायचेच असा आमचा रिवाज झाला. बदल तासांत-दिवसांत झाला की महिन्यांत? लक्ष टिकतं का, की प्रश्नाच्या मध्येच सुटतं? दिवसात चढउतार आहे का? अलीकडे कुठलं औषध सुरू, बंद किंवा कमीजास्त झालं? पडल्या का? ताप, पाणी, पोट साफ होणं, झोप, वेदना? कन्फ्यूजन असेसमेंट मेथड ही डिलिरियम तपासण्याची पद्धत याच खुणांवर उभी आहे: अचानक सुरुवात व चढउतार, आणि लक्ष न टिकणं, हे दोन्ही हवेतच, शिवाय विचारांची विसंगती किंवा जागेपणात बदल यांपैकी एक. ही चिन्हं दिसली तर ती केस चर्चेसाठी थांबवायची नाही, बैठक थांबवून फोन करायचा.

मोजपट्ट्यांबद्दल आणखी एक. मध्यम किंवा तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला स्वतःबद्दलचे हो-नाही प्रश्न विचारून आलेल्या आकड्यावर फार विसंबू नये. स्मृतिभ्रंश असलेल्यांमधलं नैराश्य मोजणारी कॉर्नेल स्केल अशाच परिस्थितीसाठी आहे. त्यात सांभाळणाऱ्या व्यक्तीकडूनही माहिती घेतात. मेंटॉरने "स्कोअर किती?" याच्याआधी "उत्तरं कुणी दिली, आणि तेव्हा खोलीत कोण होतं?" हे विचारावं.

घर सांगून झालं की केस आणणाऱ्याने आपला प्रश्न एका वाक्यात मांडायचा. "काय करू?" हा प्रश्न फार मोठा आहे. "आजोबा दर वेळी मुलाबद्दल बोलताना थांबतात, तिथे मी पुढे कशी जाऊ?" याच्यावर काम करता येतं. वाक्य जमत नसेल तर ते जमवण्यातच अर्धा तास गेला तरी चालेल.

त्यानंतर मेंटॉरची पाळी. आधी माहितीचे प्रश्न, मग ऐकताना स्वतःला काय वाटलं ते ("तू सांगत असताना मला त्या सुनेचाच राग येत होता, तुलाही येतो का?"), आणि शेवटी दोन-तीन पर्याय. "मी तुझ्या जागी असते तर" हे शब्द जपून वापरा. तुम्ही तिच्या जागी नाही आणि त्या घरात तुम्ही गेलेला नाहीत. तासाच्या शेवटी पुढच्या भेटीत करायची एकच गोष्ट लिहून काढा. पुढची बैठक तिथूनच सुरू करा.

## पायरी ४: सोबत गृहभेट

तीन महिन्यांत किमान एकदा दोघांनी मिळून एखाद्या घरी जावं. परवानगी आदल्या भेटीत घ्यायची आणि ती ज्येष्ठांकडून घ्यायची. मुलाने फोनवर "या, या" म्हटलं म्हणजे आजोबांनी होकार दिला असं होत नाही. दारात ऐन वेळी ते नको म्हणाले तर मेंटॉरने हसून परत फिरायचं.

आत गेल्यावर मेंटॉरने आजोबांच्या नजरेच्या कडेला बसावं, समोर नाही. ऐकायला कमी येत असेल तर चांगल्या कानाची बाजू सहकाऱ्यासाठी सोडावी. वही बाहेर काढू नये. आजोबा पाहुण्याकडे बघून बोलायला लागले तर नजरेने त्यांना सहकाऱ्याकडे वळवावं.

बाहेर पडल्यावर लगेच अभिप्राय देऊ नका. आधी जिने भेट घेतली तिला बोलू द्या: काय जमलं, कुठे अडलं. मग मेंटॉरने नेमकं दिसलेलं सांगावं. "छान बोललीस" याने काही हाती लागत नाही. "आजोबा पत्नीचं नाव घेऊन थांबले तेव्हा तू आठ-दहा सेकंद गप्प राहिलीस आणि ते पुढे बोलले," हे तिला पुढच्या घरी वापरता येतं.

## पायरी ५: जिथे जोडीने एकट्याने ठरवायचं नाही

ज्येष्ठांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न तरुणांच्या तुलनेत जिवावर बेतण्याची शक्यता जास्त असते. "आता पुरे झालं," "तुमच्यावर ओझं झालोय," ही वाक्यं वयाला साजेशी म्हणून सोडून द्यायची सवय आपल्यालाही लागते. मेंटॉरने थेट विचारावं: "तू त्यांना जीव देण्याच्या विचारांबद्दल स्पष्ट शब्दांत विचारलंस का? साधन हाताशी आहे का? साठवलेल्या गोळ्या बघितल्यास का?" विचारलं नसेल तर त्याच दिवशी विचारायचं, आणि संस्थेच्या ठरलेल्या पद्धतीने कळवायचं.

छळाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार साठीपुढच्या दर सहांपैकी सुमारे एका व्यक्तीने मागच्या वर्षभरात समाजात राहताना कुठल्या ना कुठल्या प्रकारचा छळ सोसलेला असतो. त्यात आर्थिक फसवणूक आणि हेळसांडही येते. गृहभेटीत त्याची पहिली खूण बऱ्याचदा किरकोळ असते: प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दुसरंच कुणी देतं, आजींना एकटं भेटू दिलं जात नाही, पेन्शनबद्दल विचारलं की विषय बदलतो. अशी शंका दोघींनी मिळून "आपला गैरसमज असेल" म्हणून मिटवणं हा या नात्यातला सगळ्यात मोठा धोका आहे. शंका आली की कळवायचं. खरंखोटं ठरवणं आपल्या जोडीचं काम नाही.

भेटवस्तू, घराची किल्ली, "बँकेत माझ्यासोबत याल का" ही विचारणा, या गोष्टी वरच्यांइतक्या गंभीर नाहीत, पण त्याच बैठकीत बोलायच्या. साधा नियम: जी गोष्ट मेंटॉरला सांगायचं टाळावंसं वाटतं ती आधी सांगायची.

## मृत्यू

या कामात माणसं जातात. कधी आपण शनिवारी ठरलेल्या भेटीसाठी फोन करतो आणि पलीकडून कळतं की बुधवारीच गेले. आपण कुटुंबातले नाही, म्हणून रडायची जागा नसते. केस बंद करण्याचा फॉर्म मात्र भरायचा असतो. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८०च्या दशकात अशा दुःखाला, ज्याला समाज मान्यताच देत नाही त्याला, "डिसएन्फ्रँचाइज्ड ग्रीफ" असं वेगळं नाव दिलं. आपल्या व्यवसायात ते रोजचं आहे.

आमचा ठराव असा होता: ज्येष्ठांपैकी कुणी गेलं तर पुढच्या बैठकीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी पंधरा मिनिटांचा फोन. त्यात उपचाराचा हिशेब नाही. ते कसे बसायचे, शेवटच्या भेटीत काय म्हणाले, दार लावताना काय दिसलं, एवढंच. मग आठवडाभराने, वेगळ्या बैठकीत, काही सुटलं का ते बघायचं. दोन्ही एकाच वेळी केलं की दुःखाची चौकशी होते.

## मेंटॉरने सहकाऱ्यात काय बघत राहायचं

थकवा बोलण्यातून आधी कळतो. आजोबांना नावाऐवजी "ती तीन वाजताची केस" म्हटलं जातं. घर सांगायच्या दहा मिनिटांत दोनच वाक्यं येतात. भेटी पुढे ढकलल्या जातात, किंवा उलट, एका घरी ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ जातो आणि सुट्टीच्या दिवशीही फोन उचलला जातो. यातली दुसरी खूण लोकांना समर्पण वाटते; मला ती पहिलीपेक्षा जास्त काळजीची वाटते. प्रोक्यूओएलसारखी, म्हणजे मदतीच्या कामातलं समाधान आणि थकवा मोजणारी प्रश्नावली दर काही महिन्यांनी दोघांनी भरून समोरासमोर वाचायला हरकत नाही, पण ती वरिष्ठांकडे जाणार नाही हे आधी ठरवून घ्या.

सुरक्षिततेचा एक साधा प्रघातही ठेवा. भेटीला जाताना "आत चालले", बाहेर आल्यावर "निघाले", असे दोन शब्द. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटं गेली आणि दुसरा शब्द आला नाही तर मेंटॉरने फोन करायचा. फोन उचलला नाही तर पुढे कुणाला कळवायचं ते कराराच्या पानावर आधीच लिहिलेलं असावं.

## तीन महिन्यांनी

पान पुन्हा उघडा. एकेकटीने उत्तरं लिहा, मग अदलाबदल करा. या काळात मी कुठली केस वेगळ्या तऱ्हेने हाताळली? तुला सांगायचं काय टाळलं? कुठल्या बैठकीनंतर मी हलकी झाले, कुठल्या बैठकीनंतर जास्त थकले? बोलण्याचा वेळ दोघींत कसा वाटला गेला? चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आश्चर्यकारक निघतं. एकजण सतत मेंटॉर आणि दुसरी सतत शिकणारी असं होत असेल तर पुढच्या तीन महिन्यांत केस आणायची पाळी उलटी करा.

थांबायचं ठरलं तर एक शेवटची बैठक त्यासाठीच ठेवा. उरलेल्या केस कुठे न्यायच्या ते ठरवा. बैठकींच्या वैयक्तिक नोंदी करारात ठरल्याप्रमाणे दोघींनी एकत्र बसून नष्ट करा. ज्या गोष्टी ज्येष्ठांच्या अधिकृत फाइलमध्ये असायला हव्यात त्या आधी तिथे नोंदवल्या आहेत ना, हे तपासूनच.